बंगळूरला परत गेलेली चकती

एकोणीसशे नव्याण्णवच्या भादव्यात बद्रीनाथ हसनाबादला आला तो तीन महिन्यांसाठी, आणि काहीही न करण्यासाठी. यातली दुसरी गोष्ट गावाला पटेना. कमावता माणूस तीन महिने घरी येतो तो एक तर हाड मोडून, नाहीतर नोकरी जाऊन. बद्रीनाथची हाडं तर शाबूत दिसत होती. तेव्हा उरलेल्या कारणावर गावाचं एकमत व्हायला संध्याकाळही लागली नाही.

खरी गोष्ट अशी होती की नोकरी गेली नव्हती, दुसरी मिळाली होती. बंगळूरला आठ वर्षं तो एका कंपनीत चिप आखायचा. मोबाइल फोनच्या पोटात नखाएवढा काळा तुकडा असतो, त्याच्या आत लाखो बारीक दारं उघडतात आणि मिटतात. कुठलं दार कुठं असावं आणि कधी उघडावं, हे ठरवण्याचा त्याचा धंदा. आता त्याच रस्त्यावरच्या, समोरच्या इमारतीतल्या कंपनीनं त्याला वरच्या जागेवर बोलावलं होतं. हाताखाली आठ माणसं. जुन्या कंपनीनं सोडलं, पण करारातलं कलम काढून दाखवलं: मधले नव्वद दिवस कुठंच काम करायचं नाही, घरी बसून पगार घ्यायचा. डोक्यात ताजं आहे ते जरा शिळं होऊ द्यायचं.

"बसून पगार?" साळूबाई म्हणाली. "आन् आमाला उभ्या उभ्या कंबर मोडून येळेवर भेटत न्हाई. कोन्ची कंपनी हाये भाऊ? माझं बी नाव सांगून ठिवा."

साळूबाई म्हणजे बद्रीनाथच्या आईच्या, चतुराबाईच्या सीड प्लॉटवरच्या बायांची म्होरकी. गावात कोणाला न कळलेलं ते कलम चतुराबाईला एका दमात कळलं. नवरा गेल्यापासून अकरा हंगाम ती कपाशीचं संकरित बी पिकवत होती. कंपनी नराचं बी देते, मादीचं बी देते. पिशवीवर नाव नसतं, नुसता आकडा. दुपारी बाया मादीच्या कळ्या अंगठ्याच्या नखानं सोलतात, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तोडून त्या सोललेल्या कळ्यांना लावतात आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधतात. एका कंपनीच्या प्लॉटवरून दुसऱ्या कंपनीच्या प्लॉटवर जायचं असलं, तर हात धुवायचे, पदर झटकायचा आणि दुपार कलेपर्यंत लिंबाखाली बसून राहायचं. हाताला नखाला चिकटलेला पराग तोवर मरतो.

"तसंच हाये ह्ये," चतुराबाई बायांना म्हणाली. "याच्या हाताला त्यांचा पराग हाये. म्हून बसवलंय."

बद्रीनाथ हसला. वकिलांनी चार पानांत जे लिहिलं होतं आणि तरी त्याला नीट समजलं नव्हतं, ते हे होतं.

मग तो खरोखरच बसला. बसायची सवय नसलेल्या माणसाला पहिले आठ दिवस जड जातात. मग बसणं त्याच्यात भिनायला लागतं. सकाळी दव असेतो तो बांधावर जायचा. पिवळसर फुलं उघडलेली असायची. कालची फुलं आज गुलाबी होऊन मान टाकायची. बाया एका ओळीत, बोलत बोलत, पण बोटं बोलण्यापासून वेगळी. त्यांचं बोलणं त्याच्यापर्यंत येईतो त्यातले शब्द गळून जायचे, नुसता सूर यायचा. दुपारी तो लिंबाखाली पडायचा आणि झोप कधी लागली ते त्याचं त्यालाही समजायचं नाही.

त्या झोपेत त्याला शिवार वरून दिसायचं, घारीला दिसावं तसं. बांध तारांसारखे सरळ, विहिरी म्हणजे काळे ठिपके, मधून गिरजा नदीचा वाकडा चकाकता पट्टा. आणि हे सगळं झोपलेलं. झाडं, गुरं, माणसं, पाणीसुद्धा. झोपेत त्याला वाटायचं, हे आपणच आखलंय, आता हे उठवायचंही आपल्यालाच आहे. नेमकं कुठून सुरुवात करायची ते आठवायच्या आत साळूबाई हाक मारायची, "भाऊ, ऊन अंगावर आलं, सरका!"

तिसऱ्या आठवड्यात महेमूदचा निरोप आला.

महेमूद हा कंपनी आणि शेतकरी यांच्यामधला ऑर्गनायझर. नर-मादीची पाकिटं तोच वाटायचा, हंगामाच्या शेवटी उरलेलं बी मोजून तोच परत घ्यायचा आणि घरात काही राहिलं नाही म्हणून रजिस्टरवर अंगठा घ्यायचा. गावात त्याचं खत-बियाण्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या कोपऱ्यात काचेच्या खोक्यात एसटीडीचा फोन. गावातल्या निम्म्या बातम्या त्या खोक्यातून यायच्या आणि उरलेल्या निम्म्या खोक्याबाहेर औषधाच्या डब्यांवर बसलेल्या माणसांतून.

"इंजिनेरसाब, जल्दी चला. बंगलोरहून साहब दोनदा बोलले. आता तिसऱ्यांदा दहा मिनटांनी लावतो म्हणले."

फोनवर नव्या कंपनीचे साहेब होते. गोड माणूस. आधी पावसापाण्याचं विचारलं, आईची तब्येत विचारली. मग म्हणाले, "बद्रीनाथ, अडलंय जरा. तुम्ही आल्यावर सांगालच, पण इथं पोरं दोन महिने अंधारात चाचपडतील. तुम्ही तिकडं तो उठवण्याचा क्रम बसवलात ना, तो नुसता तोंडी सांगा. कागद नको, काही नको. सोमवारी याच वेळेला लावतो."

उठवण्याचा क्रम. सगळं तेवढ्यातच होतं. फोनची बॅटरी टिकावी म्हणून चिपचे भाग वापर नसला की झोपवून ठेवतात. झोपवणं सोपं. अडचण उठवताना येते: सगळे भाग एकदम जागे झाले की सगळे एकदम वीज ओढतात, आणि अख्खी चिप कोलमडते. कोणता भाग आधी उठवायचा, मग किती थांबायचं, मग कोणता, हे शोधायला बद्रीनाथला चार वर्षं लागली होती. पंधरा वेळा फसला, सोळाव्यांदाही फसला, सतराव्यांदा जमलं. समोरची कंपनी त्याला आठ माणसं हाताखाली देत होती ती त्याच्या नाकाकडं बघून नव्हे.

खोक्यातून तो बाहेर आला तेव्हा बाहेरच्या डब्यांवरच्या माणसांनी त्याच्या चेहऱ्यावरून जेवढं वाचायचं तेवढं वाचून घेतलं. बद्रीनाथ वावराकडं निघाला.

सोमवारपर्यंत पाच दिवस होते. पहिले दोन त्यानं आपण विचार करतोय असं स्वतःला सांगण्यात घालवले. सांगायचं नाही, असं सकाळी वाटायचं. चहानंतर वाटायचं, सांगितलं तर कळणार कोणाला? आणि दुपारी झोप लागायची, झोपेत दोन्ही उत्तरं कपाशीच्या पाटातल्या पाण्यासारखी एकमेकांत मिसळून जायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो असाच पडला होता. सकाळपासून लाइट गेलेली. स्वप्नात तेच झोपलेलं शिवार. आणि मग दूर, ओढ्याकाठी, काहीतरी घुमलं. थोडं थांबून जवळ घुमलं. मग डावीकडं. पाणी पाटातून सरसरत निघालं, झाडं अंग हलवायला लागली, एक-एक तुकडा उजळत गेला, सावकाश, एकमेकांना जागा देत. त्याला एवढं बरं वाटलं की त्याचे डोळे उघडले, आणि उघड्या डोळ्यांनीही तेच चालू होतं. लाइट आली होती. मोटारी सुरू होत होत्या. पहिली अप्परावची, तीन एचपीची. मग दहापर्यंत आकडे मोजून होतील एवढी शांतता. मग रखमाजीची. मग शांतता. मग बद्रीनाथच्या घरची.

बद्रीनाथ ताडकन उठून बसला.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी डीपी तीनदा जळाली होती. डीपी म्हणजे बांधावरचा ट्रान्स्फॉर्मर. त्यावर अकरा मोटारी. लाइट आली की अकराही जण एकदम बटण दाबायचे आणि डीपी धूर सोडून गप्प व्हायची. तिसऱ्यांदा जळाली तेव्हा अकरा जण मारुतीच्या पारावर बसले, दोन तास भांडले आणि क्रम ठरला: लहान मोटार आधी, ओढ्याकडून सुरुवात, दोघांमध्ये दहा आकडे. तेव्हापासून डीपी जळाली नव्हती. भांडणं झाली, बांध कोरले गेले, दोघांनी एकमेकांवर कोर्टात दावे लावले, पण क्रम कोणी मोडला नाही.

आणि हाच क्रम. लहान भाग आधी, कडेकडून सुरुवात, मध्ये थांबा. बंगळूरच्या गार हवेच्या खोलीत चार वर्षं आपण जे शोधून काढलं असं त्याला वाटत होतं, ते त्यानं लहानपणी रोज दुपारी कानानं ऐकलं होतं.

"आपलंच हाये की ते!" तो मोठ्यानं म्हणाला.

"काय आपलं?" साळूबाईनं कपाशीतून डोकं वर काढलं.

"सगळं!"

"सगळं आपलं आसतं तर ह्या कळ्या कामून सोलल्या असत्या?" म्हणून ती परत खाली वाकली.

पण बद्रीनाथचं मन हलकं झालं होतं. कंपनीचं काय होतं त्यात? हसनाबादची डीपी, हसनाबादचे अकरा जण. आपल्या गावची वस्तू आपण कोणालाही देऊ. सोमवारी साहेबांना सांगून टाकायचं. तो घराकडं आला, क्रम एकदा स्वतःपुरता लिहून काढावा म्हणून कागदासाठी ट्रंक उघडली, आणि थबकला. ट्रंकेत बनियनमध्ये गुंडाळून ठेवलेली चकती नव्हती.

चकती सिलिकॉनची, ताटलीएवढी, आरशासारखी, तिरपी धरली की तिच्यावर पाण्यावरच्या तेलासारखे रंग फिरायचे. कापून सुट्या करायच्या आधी चिप अशा एकेका चकतीवर शेकड्यांनी छापलेल्या असतात. निघताना जुन्या कंपनीतल्या सोबत्यांनी भेट दिलेली.

"माय, ट्रंकेतली चकती?"

चतुराबाई भाकरी थापत होती. "पाठवली."

"कुठं?"

"जिथली हाये तिथं. दहा दिस झाले. ते सरकारी छापाचं पत्र आल्तं ना तुला, कंपनीचं जे काय असंल ते माघारी द्या म्हून? महेमूदनं वाचून दाखवलं. तुला इचारलं तर तू म्हणला, व्हय व्हय, झालं सगळं. मंग मी ट्रंक पाह्यली. तर ती ताटली. मागं कंपनीचं नाव! बनेनात दडवून!"

"दडवून न्हाई माय, तडकू नये म्हणून! भेट दिली त्यांनी मला. फुकट वस्तू आहे. सोळाव्या वेळेला फसलो ना, त्यातली. एक चिप चालत नाही तिच्यावरची."

"चालत न्हाई?"

"एक बी न्हाई. कवडीची किंमत न्हाई तिला."

चतुराबाईनं भाकरी तव्यावर टाकली, हात पिठाचे तसेच ठेवून त्याच्याकडं पाहिलं. "मंग किमतीचं कुठंय?"

बद्रीनाथचा हात त्याला न विचारता कपाळाकडं गेला.

ती बघत राहिली. "त्ये आता पोस्टानं कसं पाठवू?"

त्यानं मग सगळं सांगितलं: फोन, साहेब, क्रम, आणि दुपारी काय उमगलं ते. सांगता सांगता डीपीच्या गोष्टीपाशी आला तेव्हा तर त्याला उत्साहच चढला. "म्हणजे आपलंच की नाही, सांग! डीपी आपली..."

"डीपी बोर्डाची."

"बरं, बोर्डाची. पण क्रम? पारावर बाबा पण होते त्या दिवशी."

"व्हते ना. क्रम आपलाच." चतुराबाईनं भाकरी उलटली. "मंग तू काय केलं? तुझ्या बापाचा क्रम त्यांच्या वावरात पेरला. चार वर्षं त्यांचं खत, त्यांचं पानी. पगार घेतला. आता वावर बदललं म्हून रोप उपटून न्यायला लागला व्हय? ह्ये कपाशीचं वावर आपलं, हीर आपली, हात आपले. पोत्यावर नाव कंपनीचं. अकरा वर्षांत मूठभर नर कधी घरात ठिवला का मी? शेजारच्या कंपनीचा मानूस दारात येऊन बसला व्हता, दुप्पट देतो म्हणला. इचार महेमूदला."

"तू न्हाई दिलं ते बराबर. पण मी दिलं तर कोणाला कळणारे?"

"कोनाला न्हाई," चतुराबाई म्हणाली. "बस, भाकर खा."

आईनं भांडण अर्ध्यात सोडलं की बद्रीनाथला ते जास्त जड जायचं. तो जेवला. जेवणात काय होतं ते त्याला सांगता आलं नसतं.

शनिवारी परत निरोप आला. या वेळी जुन्या कंपनीचे साहेब होते; बद्रीनाथनं आधी खोक्याचं दार ओढून घेतलं. पण साहेब हसत होते, हसू आवरून बोलत होते आणि पुन्हा हसत होते.

"बद्रीनाथ, पार्सल मिळालं तुमच्या आईंचं. गोणपाटात शिवलेलं! आत कापूस, कापसात ती चकती. आणि पत्र. खत-बियाण्याच्या दुकानाच्या कागदावर. हिशेबखात्यात बेळगावच्या बाई आहेत, त्यांनी वाचून दाखवलं."

बद्रीनाथनं काचेतून महेमूदकडं पाहिलं. महेमूद कीटकनाशकाच्या बाटल्या नीट लावण्यात एकाएकी गुंतला.

"खरं सांगतो," साहेब आता हसत नव्हते, "आमचे वकील समोरच्या कंपनीला नोटीस काढायच्या तयारीत होते, तुमच्या नावाची. तुम्ही काही नेलं असणार, असं त्यांचं म्हणणं. ते पत्र ऐकून मी म्हटलं, राहू दे. फाइल मिटवली. 'घरात आता तुमचं काहीच राह्यलं न्हाई, मी सोता सगळं पाह्यलं,' असं लिहिलंय. चकती भेटीची आहे, परत पाठवतो."

"राहू द्या," बद्रीनाथ कसाबसा म्हणाला.

बाहेर येऊन तो महेमूदसमोर उभा राहिला. "पत्र तुम्ही लिहिलं?"

"मी नुसता हात चालवला, साब. बोली त्यांचीच." महेमूदनं आवाज खाली आणला. "मी म्हणलं, चतुराबाई, 'सगळं पाह्यलं' कामून लिहायचं? ताटली पाठवली, बस. तर म्हणल्या, न्हाई, लिहा. अकरा वर्षं तुमच्या रजिस्टरावर अंगठा देते तो ह्याच बोलीवर देते ना. मंग खाली अंगठा बी दिला. बंगलोरला अंगठा गेला, साब! बिलकुल पहिला असंल."

बद्रीनाथ वावराकडं न जाता नदीकडं गेला. पाणी संथ होतं. तो कितीतरी वेळ दगडावर बसून राहिला आणि त्याला दिसत राहिला तो अंगठा, निळा, बारीक रेषांच्या वळशांचा. एवढ्या दाट रेषा तर त्याच्या कुठल्याच चिपमध्ये नव्हत्या. वकिलांच्या फाइलीत तो अंगठा आता पडून असणार. चार पानांचा करार मोडला तर कोणाला कळणार नव्हतं, हे खरंच होतं. पण करार आता चार पानांचा राहिला नव्हता. आईनं जे पाहिलंच नव्हतं, जे पाहण्यासारखं नव्हतंच, त्याच्यावरही तिनं 'पाह्यलं' म्हणून अंगठा दिला होता. ते खरं की खोटं, हे आता एकट्या त्याच्या तोंडावर होतं.

त्या दोन दुपारी त्याला झोप लागली, पण उथळ. मोटारी सुरू व्हायच्या, तो आकडे मोजायचा आणि दहाच्या आधीच जागा व्हायचा.

सोमवारी तो दहा मिनिटं आधीच खोक्यात जाऊन बसला. नव्या साहेबांनी पावसापाण्याचं विचारलं. बद्रीनाथनं ते पुरं होऊ दिलं.

"साहेब, तो क्रम मी सांगणार नाही."

"बरं, हरकत नाही. नव्वद दिवस होऊ द्या."

"नव्वद दिवसांनंतरही नाही. दुसरी वाट शोधेन मी तुमच्यासाठी. आहे तिच्यापेक्षा वेगळी. सापडेलच असं नाही."

फोनच्या मशीनवरचे वेळेचे लाल आकडे तेवढे बदलत राहिले. साहेब पुन्हा बोलले तेव्हा गोडवा तोच होता, पण पातळ झालेला.

"बद्रीनाथ, ती आठ माणसं त्या क्रमासाठी होती. तुम्हालाही ठाऊक आहे."

"आहे."

"मग त्या जागेवर मला दुसरा बघावा लागेल. तुम्ही या, शब्द दिलाय. पण तपासणीच्या टेबलावर. दुसऱ्यांनी आखलेलं तपासायचं. चालेल?"

बद्रीनाथला वाटलं होतं, हे ऐकताना आपल्याला काही तरी थोर वाटेल. तसलं काही वाटलं नाही. पाय बधिर झाला होता, तो त्यानं हलवला.

"चालेल," तो म्हणाला.

बाहेर चतुराबाई उभी होती. फवारणीचा पंप बघायला आले, असं तिनं महेमूदला सांगितलं होतं. घरी दोन पंप धूळ खात होते. बद्रीनाथ दिसताच ती चालायला लागली. तो तिला गाठून बरोबरीनं चालू लागला. सकाळची वेळ, नदीकडून धुकं वर चढून रस्त्यावर पसरलं होतं, आणि गाव मागं राहताच आवाजही मागं राहिले.

"काय म्हणले?"

"या म्हणले."

"मंग झालं तर."

"खालच्या जागेवर. माझ्या हाताखाली कोणी नाही. मीच एका पोराच्या हाताखाली, चार वर्षांनी लहान असंल."

चतुराबाईचे पाय थांबले. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग धुक्याकडं पाहिलं. शाबासकी येईल अशी वाट बघण्याचं वय बद्रीनाथचं राहिलं नव्हतं, तरी तो वाट बघत उभा राहिला.

"खाली?" ती म्हणाली. "आरं, म्या तुझ्या सोयरिकीसाठी जाफराबादच्या तुळजाबाईला सांगून बसले ना! आठ मानसं हाताखाली हायेत म्हून. तिनं पोरीकडच्यांला कळवलं बी आसंल. साहेब हाये म्हून!"

"माय, तूच तर..."

"म्या कुटं म्हणलं खाली बस म्हून? म्या म्हणलं दुसऱ्याचं घेऊ नको. त्येवढ्यावर त्यांनी खाली बसवायचं काय कारन? न्याव हाये का काही?" ती तणतणत चालायला लागली. "चार वर्षांनी ल्हान! त्याला बोलता तरी येतं का नीट?"

"आता तुळजाबाईला काय कळवणार?"

"खरं तेच कळवीन. खोटं कामून कळवू?" चार पावलं पुढं जाऊन तिनं जोडलं, "त्यांनी इचारलं तर."

बद्रीनाथला हसू फुटलं. तिला ते ऐकू गेलं असावं, कारण तिनं चाल वाढवली. धुक्यात तिचा पदर आधी फिका झाला, मग दिसेनासा झाला. बोलणं तेवढं पुढं चाललं होतं, पोरीकडच्यांचं, त्यांच्या हिरीचं, तपासणीला तरी बसायला खुर्ची देतात का याचं, आणि त्या बोलण्याच्या मागोमाग तो.